बिनठशाचं रिव्हॉल्व्हर

१

मुलांनो, एक कल्पना करून बघा. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे अरुंद खोरं, खोऱ्यातून धावणारी मेल्ला नदी आणि तिच्या काठाकाठानं वसलेलं गार्दोने हे गाव. या गावात पिढ्यान् पिढ्या बंदुका घडतात. शाळेच्या वाटेवर कुठल्याही खिडकीतून कानशीचा आवाज येतो आणि तो आला नाही, तर आज सुट्टी असणार हे तान्ह्या पोरालाही कळतं.

आता समजा, तुमचं वय अकरा. गावाच्या छोट्या संग्रहालयाची देखभाल तुमच्या आजोबांकडे आहे. दर शनिवारी तुम्ही त्यांच्याबरोबर जाता आणि काचा पुसता. मधल्या कपाटातलं लांब नळीचं जुनं रिव्हॉल्व्हर तुम्हाला घरच्या माणसाइतकं ओळखीचं. मग एका सकाळी कुणी परकी बाई येते, ते हातात घेते, भिंगातून पाहते आणि शांतपणे सांगते, की हे खोटं आहे. खोलीतले सगळे वळून तुमच्या आजोबांकडे पाहू लागतात.

तुम्ही काय केलं असतं, ते मनाशी ठरवून ठेवा. दिलेत्तानं काय केलं, ते मी सांगतो.

तो गुरुवार होता, पण पाहुणी येणार म्हणून दिलेत्ता शाळेआधीच काचा पुसायला आली होती आणि हातात फडकं घेऊन उभी होती. ती परकी बाई म्हणजे नीव्हेस झुबानी. जुन्या हत्यारांची पारख करून किंमत ठरवणं हा तिचा व्यवसाय. विमा उतरवायचा म्हणून संग्रहालयाच्या समितीनं तिला ब्रेशाहून बोलावलं होतं. समितीचे अध्यक्ष एर्मेस कोन्त्रीनी, चौकातल्या बंदुकांच्या दुकानाचे मालक, तिच्या खांद्यावरून डोकावत होते.

ते रिव्हॉल्व्हर म्हणजे गावाचा अभिमान. याच खोऱ्यातला बोर्तोलो नावाचा एक कारागीर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका कारखान्यात कामाला गेला आणि म्हातारपणी परतताना ते घेऊन आला. त्यात आजच्यासारखं काडतूस घालायचं नसतं. चक्राच्या प्रत्येक घरात काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मग चाप ओढायचा. अशा रिव्हॉल्व्हरांच्या हुबेहूब प्रतिकृती आता गार्दोन्यातच बनतात आणि नेमबाजीच्या हौशी मंडळींसाठी जगभर जातात. म्हणून अस्सल कोणतं नि नक्कल कोणती, हा प्रश्न या गावात भाजीच्या ताजेपणाइतका रोजचा आहे.

नीव्हेसबाईंनी कारणं सांगितली. अमेरिकन कारखान्यातल्या स्क्रूंचे आटे इंचाच्या मापाचे असतात, याचे मिलिमीटरच्या मापाचे आहेत. नळीच्या आतल्या वळणदार खाचा जुन्या हत्यारात पुढे जाताना अधिकाधिक वळत जातात, इथे त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारख्या आहेत. आणि पोलादाचा पोत आपल्या आजोबांच्या काळातला आहे, त्यांच्या आजोबांच्या काळातला नाही.

एर्मेस यांनी लगेच पुढचं टोक पकडलं. या खोऱ्यात बनलेलं प्रत्येक हत्यार आधी परीक्षाघरात जातं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ते उडवून पाहतात आणि टिकलं तर नळीवर ठसा मारतात. वरती तारा, खाली चौकटीत सालाची खूण. ठशाशिवाय इथून टाचणीसुद्धा बाहेर जात नाही. या नकलेवर तर ठसाच नाही. म्हणजे कुणीतरी तो घासून काढला, तिला अस्सल म्हणून कपाटात ठेवलं आणि खरं रिव्हॉल्व्हर पळवलं.

"आणि किल्ली कोणाकडे असते?" एर्मेस म्हणाले. "जन्मभर पोलाद घासून गुळगुळीत करण्याचं काम कोण करत होतं? मी कुणाचं नाव घेत नाही. नाव घ्यायची गरज नाही."

दिलेत्ताचे आजोबा, फाउस्तिनो बेल्लेरी, कारखान्यात पॉलिश करायचे. त्या हातांचं गावात नाव होतं. त्यांनी एर्मेसकडे पाहिलं, "मी नाही," एवढंच म्हणाले, टोपी घातली आणि निघून गेले.

एर्मेस यांनी जाहीर केलं, की रविवारी प्रार्थनेनंतर समितीची सभा होईल. तोवर उलगडा झाला नाही, तर सोमवारी पोलिसांत तक्रार जाईल, फाउस्तिनोच्या नावानं.

२

संध्याकाळपर्यंत गोष्ट चौकात पोचली होती. बेकरीतल्या बाईनं दिलेत्ताला पाव दिला आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. घरी आजोबा पोलेन्ता ढवळत होते. मक्याचं ते पीठ तासभर ढवळावं लागतं आणि त्यांना त्याचा कधी कंटाळा येत नसे. आज ते भांड्याशी भांडल्यासारखे ढवळत होते. त्यांना काही विचारण्यात अर्थ नव्हता. आजोबा कमी बोलत, आणि दुखावले की अजिबात बोलत नसत.

दिलेत्ता दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ संग्रहालयात गेली. नीव्हेसबाई तिथे उरलेल्या वस्तू तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रडायला आलीस की विचारायला?"

"विचारायला."

"मग खुर्ची ओढ."

दिलेत्तानं विचारलं, की ठसा घासून काढला, हे कसं ओळखायचं? कुणी ते पाहिलं आहे का, की नुसतंच धरून चाललेत?

बाईंनी आता मान वर केली. त्यांच्या पिशवीत नळीचा एक तुकडा होता, कुठल्या तरी लबाडीच्या प्रकरणात हाती आलेला. रिव्हॉल्व्हरसारखाच आठ पैलूंचा. त्यांनी एक पोलादी पट्टी त्याच्या एका पैलूवर उभी टेकवली आणि तो खिडकीकडे धरला. पट्टी आणि पोलाद यांच्यामध्ये एका जागी उजेडाची बारीक फट दिसली.

"इथे ठसा होता," बाई म्हणाल्या. "ठसा खोल असतो. तो घालवायचा, तर आजूबाजूचं पोलादही काढावं लागतं. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, बोटालाही कळत नाही, पण उजेड लपत नाही."

मग त्यांनी कपाटातलं रिव्हॉल्व्हर काढलं. चक्राची घरं रिकामी आहेत ना, हे पाहिलं, दिलेत्तालाही पाहायला लावलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. दिलेत्तानं एकेक पैलू तपासला. नळीखाली गोळी ठासायची दांडी असते, ती खाली करून तिच्यामागचा पैलूही तपासला. ठसे बहुधा तिथेच दडलेले असतात. कुठेही उजेड दिसला नाही.

"पण एखाद्यानं अख्खा पैलूच सारखा घासला तर?" तिनं विचारलं. अख्खा पैलू सारखा घासू शकेल असा एकच माणूस तिला माहीत होता.

नीव्हेसबाई पहिल्यांदाच हसल्या. आपल्याच माणसाविरुद्ध जाणारा प्रश्न जो विचारतो, त्याला शिकवायला बरं वाटतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी जाडी मोजायचा मापकाटा काढला. आठ पैलू म्हणजे समोरासमोरच्या चार जोड्या. एखादा पैलू घासला असेल, तर ती जोडी इतरांपेक्षा बारीक भरेल. दिलेत्तानं मापं घेतली. चारही जोड्या केसभरही कमीजास्त नव्हत्या.

"म्हणजे ठसा घासलेला नाही," ती हळूच म्हणाली. "तो कधी मारलाच नव्हता."

"असंच दिसतंय. आणि मीही काल न तपासता मान हलवली, ते चुकलं." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "पण मग कोडं अवघड झालं, मुली. ठसा मारल्याशिवाय या खोऱ्यातून काहीच बाहेर जात नाही. हे बाहेर कसं आलं?"

३

ज्या वस्तूला ठसा नाही, ती कारखान्याच्या आतच राहिलेली असणार. म्हणजे विक्रीसाठी केलेली नव्हे, तर नमुन्याची. गावात अशा प्रतिकृती पहिल्यांदा बनवल्या, त्या रिकिएदेईंच्या कारखान्यानं. आता तो ओत्ताव्हिया रिकिएदेई चालवत. सत्तरीच्या बाई, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

संशय घ्यायचा तर त्यांच्यावर सहज घेता आला असता. मागच्या हिवाळ्यात आपल्या मालाच्या छापील पुस्तकात फोटो घालायचा म्हणून त्यांनी ते रिव्हॉल्व्हर संग्रहालयातून नेलं होतं. त्याच दुपारी दोघी कारखान्यात गेल्या आणि नीव्हेसबाईंनी तसं विचारताच ओत्ताव्हियाबाईंनी यंत्र बंद केलं.

"माझ्यावर संशय? खुशाल घ्या. माझ्याकडे अशा नकला पेटीनं पडल्यात, पण तुमच्या म्हाताऱ्या बंदुकीला गिऱ्हाईक शोधायला मला वेळ नाही. फोटो काढला तेव्हा एर्मेसची बायको शेजारी बसून पहारा देत होती. कॉफी मात्र माझी प्यायली."

नीव्हेसबाईंनी ते मानलं. पुढे त्यांनी पहिल्या नमुन्याबद्दल विचारलं, तशा ओत्ताव्हियाबाई जरा मवाळ झाल्या. ती गोष्ट त्यांच्या वडिलांची होती आणि ती सांगायला त्यांना आवडे. १९५८ साली एका अमेरिकन गिऱ्हाइकानं विचारलं होतं, की जुन्या काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरची नक्कल करून द्याल का? वडिलांनी गावाकडून बोर्तोलोचं रिव्हॉल्व्हर हिवाळाभर मागून घेतलं, ते पूर्ण सुटं केलं, प्रत्येक भाग मोजला आणि पहिली नक्कल बनवली. नक्कल करायची तर आरशासारखी, असा त्यांचा बाणा. अंगावरचा अनुक्रमांकसुद्धा त्यांनी तसाच उठवला. पुढे विक्रीच्या मालावर तसं केलं नाही, पण तो पहिला तुकडा हौसेचा होता. दोन्ही एकाच बाकावर पडलेली असत. तेव्हा ओत्ताव्हियाबाई तरुण होत्या. त्यांना आठवत होतं, की वडील आणि सुटे भाग जुळवणारे त्यांचे जुने जोडारी एकमेकांना गमतीनं विचारत, यातलं आपलं कोणतं रे?

बोर्तोलोचं रिव्हॉल्व्हर परत दिलं, तेव्हा गाव खूश झालं होतं. युद्धात शिपायांच्या हाती लागू नये म्हणून ते चर्चच्या ओल्या भिंतीत चिणून ठेवलं होतं आणि खालच्या बाजूनं त्याची रया गेली होती. वडिलांनी प्रेमानं घासूनपुसून ते नव्यासारखं करून दिलं, असं सगळे म्हणत.

"आणि तो नमुना? त्याच्यावर ठसा नव्हता ना?" दिलेत्ताला थांबवेना.

"नव्हता कसा? बाबांच्या हातून बिनठशाचं काही सुटलं नाही. नमुना परीक्षाघरात गेला, पास झाला, ठसा घेऊन आला. मग आमच्या नेमबाजीच्या मैदानाला त्यांनी तो भेट दिला. आपल्या अर्ध्या गावानं पहिली गोळी त्याच्यातून झाडली आहे. मी स्वतः झाडली आहे."

परतताना नीव्हेसबाई बोटांवर मोजत होत्या. नमुन्यावर ठसा आहे आणि तो मैदानात आहे. मग संग्रहालयातली ही बिनठशाची नक्कल कोणाची? धागा हातात आला होता आणि तिथेच तुटला होता. शुक्रवार मावळत होता आणि रविवारच्या सभेला एकच दिवस उरला होता.

४

रात्रीच्या जेवणाला पोलेन्ता आणि चीज होतं. दिलेत्तानं ठरवलं, की आज आजोबांशी बोलायचंच. पण आरोपाबद्दल नाही, रिव्हॉल्व्हरबद्दल. कारागीर माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, कामाबद्दल बोलतो.

तिनं विचारलं, भिंतीतून काढलं तेव्हा ते कसं दिसत होतं?

आजोबांनी चमचा ठेवला. युद्ध संपलं तेव्हा ते पोरगे होते, त्यांनी ते काढताना पाहिलं होतं. वरचा भाग तेलाच्या फडक्यात होता, तो वाचला. नळीची खालची बाजू मात्र ओल्या दगडाला टेकलेली. तिथे गंजाचे खड्डेच खड्डे पडले होते, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे.

"मग रिकिएदेईंनी ते खड्डे घासून काढले?"

"लोक म्हणतात." आजोबांनी खांदे उडवले. "मी तेव्हा लष्करी सेवेत होतो, दक्षिणेत. परत आलो तर चकचकीत. कुणी घासलं, त्याचा हात चांगला होता एवढं खरं. इतके खोल खड्डे काढायचे, तर मी दोनदा विचार केला असता. कितीतरी पोलाद जातं."

दिलेत्ताचा घास हातातच राहिला.

कितीतरी पोलाद जातं. पण तिनं स्वतः मापं घेतली होती. चारही जोड्या सारख्या, कुठे फट नाही. त्या नळीवरून कुणी काहीच काढलेलं नव्हतं. म्हणजे जसा तिथे ठसा कधी नव्हता, तसे खड्डेही कधी नव्हते. संग्रहालयातलं रिव्हॉल्व्हर भिंतीत राहिलेलंच नव्हतं. ते १९५८ च्या हिवाळ्यात बाकावर जन्मलं होतं. आणि गावानं ज्याला प्रेमानं घासलेलं म्हटलं, ते नुसतं नवं होतं.

तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. आजोबांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हणजे परत करताना अदलाबदल झाली. बाकावर दोन होती. गावाकडे नक्कल आली."

"आणि परीक्षाघरात?"

उत्तर दोघांनाही एकदमच सुचलं. तिथे भिंतीतलं अस्सल गेलं होतं, आणि ठसा घेऊन तेच मैदानावर पोचलं होतं.

शनिवारी सकाळीच दिलेत्ता नीव्हेसबाईंना घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या नेमबाजीच्या मैदानावर गेली. तिथला रखवालदार दारूच्या डब्या पुसत होता. ते जुनं शिकाऊ रिव्हॉल्व्हर? हो, होतं की इथे खिळ्याला टांगलेलं. फार खिळखिळं झालं होतं. मागच्या शरद ऋतूत चौकातल्या दुकानदारानं दोन नवी दिली आणि जुना सगळा माल घेऊन गेला.

"कुठल्या दुकानदारानं?"

"गावात आहे कोण दुसरा? एर्मेसनं."

५

वाट उताराची होती, तरी दिलेत्ताला ती लांब वाटली. ज्या माणसानं आजोबांवर बोट रोखलं, खरं रिव्हॉल्व्हर त्याच्याच घरात. त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असेल, तर ते आतापर्यंत दूरच्या कुठल्या गिऱ्हाइकाकडे पोचलं असेल आणि आजोबांच्या बाजूनं बोलणारी एकुलती एक वस्तू कायमची गेली असेल.

एर्मेस दुकानात होते. नीव्हेसबाईंनी जुना माल बघायचा आहे म्हटल्यावर त्यांनी दाराजवळच्या वेताच्या टोपलीकडे हात केला. तीत गंजकी कुलपं, शिकाऱ्याचा कातडी पट्टा, पाय तुटलेली एक तिवई आणि तीनचार जुनी रिव्हॉल्व्हरं, चाप काढून घेतलेली. भिंतीवर सजवून टांगायला लोक नेतात, असं ते म्हणाले. दिलेत्ताकडे पाहून त्यांनी पुढे जोडलं, "तू काय घेतेस? आजोबांना विचार, त्यांच्याकडे याहून चांगलं असेल."

दिलेत्तानं ऐकलं आणि गिळलं. ती टोपलीपाशी उकिडवी बसली. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे आधी चक्राची घरं रिकामी आहेत का ते पाहिलं, मग लांब नळीचं रिव्हॉल्व्हर उलटं केलं.

ठसा होता. तारा स्पष्ट होता आणि खाली चौकटीत रोमन चौदा, म्हणजे परीक्षाघराच्या हिशेबात १९५८ साल.

"बघितलंस? ठसा," एर्मेस म्हणाले. "रिकिएदेईंची पहिली नक्कल. शिकाऊ पोरांनी पार वाट लावली तिची. ओलं ठेवलं, गंजवलं."

नीव्हेसबाईंनी भिंग पुढे केलं, पण स्वतः पाहायला नाही. दिलेत्ताच्या हातात दिलं.

दिलेत्तानं नळीची खालची बाजू खिडकीकडे धरली. गंजाचे खड्डे होते. देवीचे व्रण. ती ठशाभोवती बारकाईनं पाहत राहिली. इतका वेळ, की एर्मेसनी घसा खाकरला.

मुलांनो, तुम्हीही जरा थांबा आणि पाहा. नदीकाठच्या चिखलावर पावसाचे थेंब पडून खळगे झाले आहेत आणि तिथे गाईच्या खुराचा ठसाही आहे. आधी गाय आली की आधी पाऊस? गाय आधी आली असेल, तर खळगे खुराच्या आतही दिसतील. पाऊस आधी आला असेल, तर खुराखालचे खळगे दबून सपाट झालेले असतील.

"एर्मेसकाका," दिलेत्ता म्हणाली, "शिकाऊ मुलांनी गंजवलं, तर गंज ठशानंतरचा. मग ताऱ्याच्या आतही खड्डे पडायला हवे होते. आत एकही नाही. आणि कडेला हा खड्डा बघा, अर्धा बाहेर आहे आणि अर्धा ताऱ्याखाली दबलाय. खड्डे आधीचे आहेत. ठसा त्यांच्यावर मारलाय."

एर्मेसनी भिंग घेतलं. पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"नवी नक्कल परीक्षाघरात गंजून कशाला जाईल?" नीव्हेसबाई म्हणाल्या. त्यांनी एक स्क्रू काढून मापात घातला. मिलिमीटरच्या मापात तो एक वेढा फिरला आणि अडला. इंचाच्या मापात सरळ आत गेला. नळीत उजेड सोडून त्यांनी खाचा पाहिल्या. पुढे जाताना त्या अधिकाधिक वळत होत्या.

मग त्यांनी सगळं एका सरळ रेषेत मांडलं. बाकावर दोन रिव्हॉल्व्हरं, वरून सारखी, अनुक्रमांकही एकच. रिकिएदेईंच्या माणसांनी खालची बाजू न बघता घाईत एक उचललं आणि नमुना म्हणून तपासायला पाठवलं. परीक्षाघरानं जे आलं ते तपासलं आणि ठसा दिला, त्यात त्यांची काही चूक नाही. उरलेलं गावाकडे परत गेलं. त्या दिवसापासून ठसेवालं ते नक्कल आणि बिनठशाचं ते अस्सल, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी एखादा स्क्रू काढून पाहिला असता. गार्दोन्यात ठसा दिसला, की कुणी पुढे बघत नाही.

"मला ठाऊक नव्हतं," एर्मेस म्हणाले. आवाजात टोमणा उरला नव्हता.

"ठाऊक असतं, तर तुम्ही ते टोपलीत ठेवलं नसतं," नीव्हेसबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी मानते. फाउस्तिनोंच्या बाबतीतही एवढाच विचार करायला हवा होता, तुम्ही आणि मीही."

६

रविवारी प्रार्थना सुटल्यावर संग्रहालयाची खोली भरली. शेगडीवर कोणाकोणाच्या घरी रविवारचं मांस सळईवर फिरत होतं, तरी कुणी जेवायला घाई केली नाही.

आजोबा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. एर्मेसनी त्यांना आदल्या संध्याकाळीच घरी जाऊन सांगू पाहिलं होतं. आजोबांनी दारातच थांबवलं. घरी नको, म्हणाले, सगळ्यांसमोर बोललास ना, मग सगळ्यांसमोरच बोल.

एर्मेस बोलले. माणूस गर्विष्ठ होता, पण भेकड नव्हता. ते म्हणाले, फाउस्तिनोनं काही घेतलं नाही, काही बदललं नाही, तो इथे कामाला लागण्याआधी कितीतरी वर्षं ही अदलाबदल झाली होती. वस्तू माझ्याच टोपलीत होती आणि मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही. मी फाउस्तिनोची माफी मागतो. रिव्हॉल्व्हर गावाचं होतं, ते गावाला परत देतो. ओत्ताव्हियाबाईंनी पहिल्या रांगेतून मोठ्यानं विचारलं, की आणि बाबांची नक्कल मला मिळणार का? तिच्यावर ठसा मारून घेईन म्हणते, उशिरा का होईना. लोक हसले आणि खोलीतला ताण उतरला.

मग किमतीचा प्रश्न आला. नीव्हेसबाई खरं तेच बोलल्या. अस्सल हत्यारावर नंतरचा ठसा म्हणजे डागच, त्यानं मोल बरंच उतरतं. एर्मेसना एकदम उत्साह आला. फाउस्तिनोसारखा हात गावात असताना काळजी कसली? तो ठसा असा काढेल, की पट्टी लावून बघणाऱ्यालाही कळणार नाही. किंमत दुप्पट होईल आणि गावाला ते मूळ रूपात मिळेल. काही जणांनी माना डोलावल्या. काही जण आजोबांकडे वळून बघू लागले, या वेळी वेगळ्या नजरेनं.

आजोबा म्हणाले, "मला करता येईल." थोडं थांबून म्हणाले, "करायचं की नाही, ते हिला विचारा. शोधलं तिनं."

सगळी खोली दिलेत्ताकडे वळली. ती लाजाळू नव्हती, पण इतक्या डोळ्यांची तिला सवय नव्हती. तिला वाटलं, की ठसा गेला तर रिव्हॉल्व्हर सुंदर दिसेल. पुढच्या वर्षी कुणी विचारील, हे इतकं गुळगुळीत कसं? आणि कुणीतरी खांदे उडवून म्हणेल, फाउस्तिनोनं घासलंय ना. मग सगळी गोष्ट पुन्हा नव्यानं सुरू होईल.

ती टेबलापाशी गेली. तिनं टेबलावरून रिव्हॉल्व्हर उचललं, चक्राची घरं पाहिली, मधल्या कपाटाचं दार उघडलं आणि ते मखमलीवर उलटं ठेवलं. खड्ड्यांची, ठशाची खालची बाजू वर करून. बाहेरून येणाऱ्या माणसाची पहिली नजर तिथेच पडावी, असं तिनं ते जरासं तिरकं केलं. मग तिनं काच लावली आणि आपल्या बोटांचे डाग पुसायला फडकं शोधू लागली.